मूल्यांकन घराचे, जबाबदारी कोणाची?

गृहकर्ज देण्यापूर्वी बँक घराचे मूल्यांकन करून घेते. त्याचे शुल्क बहुधा ग्राहक भरतो. अहवाल मात्र बँकेसाठी असतो. त्यात दोषाचा उल्लेख राहिल्यास मूल्यमापक ग्राहकाला जबाबदार ठरतो का, या वादावर ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८९ मध्ये महत्त्वाचा निकाल दिला.

नॉर्विच येथील एका महिलेने 'मोठ्या दुरुस्तीची गरज नाही' अशा आशयाच्या अहवालावर विसंबून घर घेतले. धुराड्याचा खालचा भाग पूर्वीच काढलेला होता. वरच्या भागाला आधार उरला आहे का, हे मूल्यमापकाने तपासले नाही. दीड वर्षाने विटा छप्पर फोडून आत कोसळल्या. जबाबदारी नाकारणारे कलम सामान्य घराच्या बाबतीत गैरवाजवी ठरवून न्यायालयाने भरपाई कायम केली. महागड्या वा व्यापारी मालमत्तेबाबत निर्णय वेगळा असू शकेल, असेही सूचित केले.

भारतात वेगळा करार नसल्यास, माहीत असलेला पण सहज न दिसणारा दोष सांगण्याचे बंधन मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्यावर आहे. 'रेरा'नुसार ताब्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. जुने घर घेणाऱ्यास हे दुसरे संरक्षण सहसा मिळत नाही. त्याने स्वतंत्र अभियंत्याकडून तपासणी करून घेणेच हिताचे.