टाक्याचा हिशेब

बदलीचा हुकूम हाती पडला की नव्या गावाविषयी आपण जी चौकशी करतो, तीत मुलांच्या शाळेच्या खालोखाल पाण्याचा क्रम लागतो. ‘नळ आहे, सकाळी दोन तास येतो,’ एवढे उत्तर मिळाले की आपले समाधान होते. ते पाणी कोठून येते, वर्षाचे किती उरले आहे, हे विचारण्याचे आपणांस कारण पडत नाही. पिठाचा डबा किती खाली गेला हे घरातील गृहिणीला न उघडता ठाऊक असते. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण सारेच परक्याच्या कोठारावर विसंबलेले. हे असे नेहमीच नव्हते. पाण्याचा साठा घरातच असे आणि त्याचा हिशेब घरातच राही, अशी गावे आपल्या देशात होती. त्यांपैकी अहमदाबादेची हकीकत मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानी घेण्याजोगी आहे.

अहमदाबाद शहर १४११ साली साबरमतीच्या काठी वसले. काठी नदी असली तरी कोटाच्या आतील वस्तीला तिचे पाणी दारी मिळत नसे, आणि घरोघरच्या विहिरींचे पाणी पुष्कळ ठिकाणी मचूळ. धुण्याभांड्यांस ते चाले. परंतु त्यात डाळ शिजत नसे. तेथील गृहस्थांनी यावर जो उपाय केला तो असा. पोळीतील घराच्या मधोमध चौक असतो. त्या चौकाच्या फरसबंदीखाली चुन्याच्या गिलाव्याचे टाके बांधावयाचे, छपरावरील पाणी पन्हळींनी नळीत व नळीतून टाक्यात सोडावयाचे, आणि वर पोहरा जाईल एवढेच तोंड ठेवून ते घट्ट झाकावयाचे. आत उजेड नाही म्हणून शेवाळ धरत नाही. ऊन नाही म्हणून पाणी उडून जात नाही. आणि घाण आत जाण्यास वाट नाही.

टाके बांधणे हा कारागिराचा भाग झाला. खरा भाग होता तो घराच्या शिस्तीचा. पावसाळ्यापूर्वी छप्पर झाडून धुऊन घ्यावयाचे. पहिल्या सरींचे पाणी आत घ्यावयाचे नाही. ते बाहेर वाहू द्यावयाचे, कारण त्याबरोबर वर्षाची धूळ आणि पाखरांची घाण येते. मघा नक्षत्राचे पाणी उत्तम अशी तिकडे समजूत आहे. मघा लागतात ऑगस्टच्या उत्तरार्धात. तोपर्यंत छपरे आणि हवा दोन्ही धुऊन निघालेली असतात. म्हणजे समजुतीच्या पोटात अनुभवच आहे. पावसाच्या पाण्यात जमिनीतील क्षार नसतात. म्हणून त्यात डाळ लवकर शिजते.

अशाच एका जुन्या घरी आम्हांस टाके पाहावयास मिळाले. यजमानांनी झाकण काढले, हातात आरसा घेऊन उन्हाची तिरीप आत सोडली आणि तळाकडे बोट दाखविले. पाणी गेल्या पावसाळ्याचे होते, पण काचेसारखे स्वच्छ. तांब्याभर पाणी आमच्यापुढे आले तेव्हा आम्ही क्षणभर थबकलो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या लहानपणी घरी रोज सकाळी पिंप पालथे होई. काल भरलेले पाणी आज ‘शिळे’ ठरे. येथे दहा महिन्यांचे पाणी पाहुण्याला अगत्याने दिले जात होते. पाणी काळाने शिळे होत नाही, ते हयगयीने बिघडते, हा धडा आम्ही त्या चौकात घेतला.

या शहराशी आपला संबंध जुना आहे. १७५३ साली पेशवे व गायकवाड यांच्या फौजांनी अहमदाबाद घेतले. मध्यंतरी दोनेक वर्षे ते हातचे गेले; परंतु एकंदरीत १८१७ पर्यंत तेथे मराठी अंमल होता. परप्रांती नेमणुकीवर जाणारे मराठी कमाविसदार आणि कारकून ही काही आजची गोष्ट नव्हे. त्यांच्या पुण्यात मात्र पाण्याची रीत अगदी निराळी होती. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून नळ बांधून शहरात पाणी आणले गेले व हौद भरू लागले. त्याआधी मलिक अंबराने औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहरीने पाणी खेळविले. आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सयाजीराव गायकवाडांनी आजव्याच्या तलावातून बडोद्यास पाणी पोहोचविले. ही कामे थोर आहेत, आणि त्यांचा अभिमान वाटणे योग्यच आहे. परंतु ती सारी पाणी आणण्याची कामे आहेत. अहमदाबादेची रीत पाणी राखण्याची. आणलेल्या पाण्याचा हिशेब सरकार ठेवते. राखलेल्या पाण्याचा हिशेब घरधन्याला ठेवावा लागतो.

तो हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. अहमदाबादेस वर्षाकाठी सरासरी ७५० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. साठ चौरस मीटर छपरावर त्याचे ४५,००० लिटर झाले. एकतृतीयांश गळतीत व पहिल्या सरींत गेले असे धरले तरी ३०,००० उरले. सहा माणसांच्या कुटुंबास पिण्याला व स्वयंपाकाला माणशी पाच लिटर याप्रमाणे तीनशे दिवसांस ९,००० लिटर लागतात. म्हणजे कोरड्या मुलखात डोक्यावरचे छप्परच घराची तहान भागवून वर उरते. थरच्या मरुभूमीत पाऊस याहून पुष्कळच कमी. तेथे छप्पर पुरत नाही, म्हणून कुंडाभोवतीची जमीन उतरती करून तिचे आगोर राखतात. भांडी वाळूने घासावयाची, हाही त्याच हिशेबाचा भाग.

१८९१ साली अहमदाबादेस नळ आला. नगरपालिकेचे अध्यक्ष रणछोडलाल छोटालाल यांनी पुष्कळांचा विरोध सोसून दुधेश्वरचे पाणी शहरात आणले. त्यांची दृष्टी चुकीची होती असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही. मचूळ आणि दूषित विहिरींवर जगणाऱ्या गोरगरिबांच्या घरी टाके नव्हते. पटकीच्या साथीत मरत ते तेच. जुने ते सारे सोने असेही नाही. पायऱ्या उतरून ज्यात पाय बुडवावे लागत, अशा विहिरींनी व बावड्यांनी नारूचा रोग पिढ्यान्‌पिढ्या पोसला. भारतातील त्याचा शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली देश या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. मुंबईत डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने हिवतापाचे मूळ विहिरींतील डासांत दाखवून दिले, आणि त्यानंतर तेथील पुष्कळ विहिरी बुजविल्या किंवा झाकल्या गेल्या. झाकण नसलेला साठा म्हणजे संकट, हा याचा अर्थ. टाके बांधणाऱ्यास तो आधीपासूनच कळलेला होता.

नळाने पाणी दिले आणि हिशेब काढून घेतला. टाक्यात पोहरा सोडताना दोरी रोज किती लांब लागते हे हाताला कळत असे. तोटीला दोरी नाही. हळूहळू टाकी अडगळीची झाली, कित्येक बुजविली गेली. पुढे शहरे वाढली, नद्या आटल्या आणि तोटीतून नुसती हवा येऊ लागली, तेव्हा जुन्या विद्येची आठवण झाली. १९९३ साली अनुपम मिश्र यांनी ‘आज भी खरे हैं तालाब’ हे हिंदी पुस्तक लिहून ती आठवण देशभर जागी केली. तमिळनाडूत २००३ साली छपरावरील पाणी राखणे सक्तीचे झाले. तथापि २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे चारही मोठे जलाशय जवळजवळ कोरडे पडले. दप्तरात पूर्ततेची नोंद असणे आणि पन्हळ खरोखर साफ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आमच्या वाचकांना, जे स्वतःच अशा नोंदी करतात व तपासतात, अधिक सांगावयास नको.

सरकारी निवासस्थानात राहणाऱ्याला चौक खणून टाके बांधता येणार नाही, हे खरे. पण टाक्याचा हिशेब त्याला करता येतो. छपराच्या एका पन्हळीखाली झाकणाचे पिंप ठेवता येते. पहिल्या सरी सोडून ते भरावे, जाळीने झाकावे, आणि बागेला व धुण्याला वापरावे. सेकंदाला एक थेंब गळणारी तोटी दिवसाला सुमारे वीस लिटर पाणी घालविते. तिचा चामडी वायसर बदलण्यास बांधकाम खात्याच्या माणसाची वाट पाहणे हा महागडा शिष्टाचार होय. पाणी गाळण्याच्या नव्या यंत्रातून स्वच्छ पाण्याच्या बरोबरीने किंवा त्याहूनही अधिक पाणी बाहेर टाकले जाते. ते फरशी पुसण्यास चालते. आणि कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतण्याची सवय ज्यांच्या घरी अजून असेल, त्यांनी निदान ते तुळशीला घालावे.

बागेच्या बाबतीत आपले परसदार फारसे चुकले नव्हते. न्हाणीचे पाणी केळीला व अळवाला जाई. झाडाभोवती आळे असे. मोगलांच्या चारबागेत चालण्याच्या वाटा उंच आणि वाफे सखल ठेवीत, त्यामुळे सोडलेले पाणी मुळाशीच मुरे. याच्या उलट आमच्या बंगल्यापुढील हिरवळ बारमाही पावसाच्या देशातून येथे आली. शंभर चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तरी ५०० लिटर होतात. म्हणजे वरच्याच हिशेबाने शंभर माणसांचे पिणे व स्वयंपाक. ती काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. निम्मी करा, उन्हात पाणी घालू नका, झाडांच्या बुडाशी पालापाचोळा पसरा. नव्या रोपाजवळ कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवा आणि वर झाकण घाला. पाझरेल तेवढेच पाणी मुळे घेतील, आणि आठ दिवस दौऱ्यावर गेलात तरी रोप तगेल.

बदलीच्या नोकरीत बंगला आपला नसतो, झाड आपले नसते, गावही आपले नसते. म्हणून पाणीही आपले नाही अशी वृत्ती होते. टाके बांधणारा ज्या पाण्यावर वर्ष काढी ते त्याचे असे, कारण ते संपले तर त्याच्या घरचे संपे. आपल्या मागून त्याच बंगल्यात येणारा अधिकारी त्याच गावचे पाणी पिणार आहे. जाताना आपण त्याच्या हाती दप्तर आणि किल्ल्या देतो, सामानाची यादीही देतो. त्या यादीत एक भरलेले पिंप आणि एक न गळणारी तोटी असावी.