कवटी उघडण्याची विद्या

मेंदूच्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच आपल्या घरांतून आजही धास्ती पसरते. ‘डोके उघडले की माणूस गेला’ ही समजूत जुनी आहे आणि एके काळी तिला आधारही होता. कवटीला भोक पाडणे माणसाला फार पूर्वीच साधले होते. पण त्यानंतर रोग्याला खात्रीने जगवणे साधायला शतके लागली.

काश्मीरमधील बुर्झाहोम येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, मुद्दाम भोके पाडलेली कवटी सापडली आहे. पुढे दहाव्या शतकात कॉर्डोव्याचा शल्यवैद्य अबुल कासिम अल् जहरावी याने खरी अडचण ओळखली. हाडाखाली मेंदूचे आवरण असते. गिरमिट आत घुसले की ते फाटते. म्हणून त्याने गिरमिटाच्या टोकाच्या जरा वर कडे ठेवण्यास सांगितले. कडे हाडाला टेकले की गिरमिट थांबे.

दुसरी अडचण, कवटी नेमकी कोठे उघडायची? १८८४ मध्ये लंडनला डॉ. बेनेट यांनी रोग्याचे झटके आणि हाताची दुर्बलता यांवरून गाठीची जागा सांगितली, डॉ. गॉडली यांनी ती काढली. परंतु २८ दिवसांनी रोगी जंतुसंसर्गाने दगावला. निर्जंतुक शस्त्रक्रिया रुळल्यावरच हे संकट ओसरले. १८८९ मध्ये जर्मनीच्या वाग्नर यांनी हाडाचा तुकडा फेकून न देता दारासारखा उघडून पुन्हा बसवण्याची रीत सांगितली. पुढे जिग्ली यांची तारेची करवत आली. दोन भोकांमधून तार ओवून हाड आतून बाहेर कापता येऊ लागले.

आपल्या देशात १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी हे काम आरंभले. मुंबईत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांनी ते रुजवले. १९७१ पासून स्कॅनमुळे कवटी न उघडताच आतले दिसू लागले.

आपल्या कोकणात माडावरून, आंब्यावरून पडणे नवे नाही. पडलेला माणूस उठून बोलतो, सारे निर्धास्त होतात; पण कवटीच्या आत रक्त साकळत असते. काही तासांनी उलट्या, गुंगी सुरू होते, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसते. अशा वेळी कवटी उघडून रक्त काढले तर माणूस वाचू शकतो. म्हणून हळद भरून वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा. विद्या तयार आहे. उशीर मात्र आपल्याकडून होता कामा नये.