भुसा की ढलप्या?

चेनसॉची चेन बोथट झालीय का, हे ओळखायला चेनकडे बघायचीही गरज नसते. खाली काय पडतंय ते बघायचं. जाड ढलप्या पडत असतील तर दाताला धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर धार गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर हा लाकडाचा एरर लॉग :)

पुढचं डीबगिंगही तसंच. कापताना करवत एका बाजूला ओढतेय? मग डाव्या-उजव्या दातांची लांबी किंवा धार सारखी नाही. बहुतेक एका बाजूचे दात दगडाला नाहीतर खिळ्याला लागलेत. धार आहे तरी भुसाच? प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने एका वेळी किती लाकूड घ्यायचं, हे तो ठरवतो. दात कानसून कानसून खाली आला आणि उंचवटा तसाच राहिला, की दात लाकडापर्यंत नीट पोचत नाही. उंचवटा जास्त घासला तर करवत झटके देते, आणि ते जिवावर बेतू शकतं. कड्यांची खालची बाजू झिजलीय? संशयित दोनच. तेल कमी पडलं, नाहीतर बोथट चेन कोणीतरी जोर लावून रेटली.

थोडक्यात, चेनला कसं वापरलं त्याचा इतिहास चेनवरच लिहिलेला असतो.

आता या दाताचाही थोडा इतिहास. जर्मनीत आंद्रेआस श्टीलने १९२६ साली विजेवरची चेनसॉ केली, पण तेव्हाचे दात हातकरवतीसारखे, लाकूड ओरबाडणारे. सतत कानस हातात. १९४६ साली अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एक अळी पाहिली. ती डावी-उजवीकडे जबडा चालवत लाकूड पोखरत होती. त्याने तसाच दात केला आणि १९४७ साली ती चेन विकायला काढली. आजच्या चेनचं मूळ तेच.

त्याच १९४६ साली आपल्याकडे काय चालू होतं? डहाणू-तलासरीच्या जंगलात झाडं पडत होती ती वारल्यांच्या कुऱ्हाडीने. वेठबिगार होती. लग्नासाठी कर्ज काढलेला माणूस 'लग्नगडी' होऊन सावकाराकडे राबत होता. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीला शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने वारल्यांची मोठी परिषद झाली. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले. तरी १९४६ साली जंगलकामगार संपावर गेले. मागणी होती दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी. गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) याच लढ्याबद्दल आहे, जरूर वाचा.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. चेनचा दात साधारण ४ मिलिमीटर उरला की ती टाकून द्यायची, हे ठरलेलं आहे. माणसाने किती झिजायचं याची मर्यादा मात्र त्या जंगलात कोणी ठरवली नव्हती. ती वारल्यांना संप करून सांगावी लागली.

आपल्यापैकी काहींनी तिकडे प्लॉट घेतलेत, चिकूच्या बागा घेतल्यात. फांद्या तोडायला रोजावर माणूस येतो. बोथट चेनचा सगळा भार त्याच्या खांद्यांवर आणि मनगटांवर पडतो. तेव्हा पिठासारखा भुसा दिसला तर "जरा जोर लाव" म्हणू नका. आधी मशीन बंद करायला सांगा आणि कानस शोधा.