रात्रीचे चित्र : निजामिया वेधशाळेच्या काचांपासून ड्रोनच्या कॅमेऱ्यापर्यंत

2024 च्या पावसाळ्यात मराठवाड्यात, विशेषतः बीड आणि जालना जिल्ह्यांतील गावांमध्ये, रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी आल्या. चोरांच्या पाळतीची अफवा पसरली आणि अनेक गावांत लोक रात्र रात्र जागले. पुरावा म्हणून मोबाईलवरची चित्रे एकमेकांना दाखवली जात. अशा चित्रात बहुधा एवढेच दिसते : काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर एक पांढरा, थरथरणारा ठिपका. तो ड्रोन आहे, विमान आहे की गुरूचा ग्रह, हे चित्र सांगू शकत नाही. का सांगू शकत नाही, आणि रात्रीचे चित्र अधिक बोलके करायचे असेल तर कॅमेऱ्यात काय जुळवावे लागते, या प्रश्नांची उत्तरे एकाच इतिहासात आहेत. त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानात लिहिले गेले.

अडचण कोणती?

मुदखेड जंक्शनचे उदाहरण घेऊ. फलाटावर दिव्यांचा झगझगाट आणि रुळांपलीकडे शेतांचा काळोख. भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. दिव्यांच्या रस्त्यावर रात्री 10 ते 20 लक्स. पौर्णिमेच्या चांदण्यात जेमतेम पाव लक्स. दिव्याचा काचगोळा आणि चांदण्यातले शेत एकाच चौकटीत आले, की सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या भागांतील प्रमाण लाखाच्याही पुढे जाते. आपला डोळा या भागावरून त्या भागावर फिरतो आणि दर वेळी स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला मात्र संपूर्ण चौकटीसाठी एकच माप निवडावे लागते. शेत दिसावे म्हणून जास्त प्रकाश घेतला तर दिवे पांढऱ्या डागांत हरवतात. दिवे नीट यावेत म्हणून कमी घेतला तर शेत काळे राहते.

ही अडचण छायाचित्रणाच्या बालपणापासूनची आहे. 1856-57 च्या सुमारास फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे याला समुद्र आणि आकाश एकाच काचेवर साधेनात. तेव्हाची कोलोडियन काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होती, त्यामुळे आकाश पांढरेफटक येई. त्याने अनेक चित्रांत समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन काचा घेतल्या आणि छापताना त्या जोडल्या. 1890 मध्ये इंग्लंडमधील हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन रसायनतज्ज्ञांनी या अनुभवाला मोजमाप दिले. काचेवर पडलेला प्रकाश आणि उमटलेला काळेपणा यांचा आलेख त्यांनी काढला. तो इंग्रजी एस अक्षरासारखा आला. मधला भाग सरळ, म्हणजे विश्वासार्ह. खालच्या टोकाला काच प्रकाश नोंदवतच नाही, आणि वरच्या टोकाला आणखी प्रकाश पडला तरी फरक दिसत नाही.

हैदराबादच्या काचा

मुदखेड, नांदेड, लातूर हा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सिकंदराबादहून निजामाबाद, मुदखेड, नांदेड असे करत मनमाडला जाणारी मीटरगेज रेल्वे 1900 च्या सुमारास सुरू झाली. त्याच काळात, 1901 मध्ये, हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी इंग्लंडहून 15 इंची दुर्बीण आणवली आणि वेधशाळा उभारली. त्यांच्या निधनानंतर 1908 मध्ये ती संस्थानच्या सरकारने ताब्यात घेतली. हीच निजामिया वेधशाळा.

या वेधशाळेने एक आंतरराष्ट्रीय काम अंगावर घेतले. 1887 मध्ये पॅरिसच्या परिषदेत संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची सूची करायचे ठरले होते आणि आकाशाचे पट्टे जगातील वेधशाळांना वाटून दिले होते. दक्षिण क्रांती 17 ते 23 अंशांचा पट्टा मूळचा चिलीतील सांतियागोचा. तो हैदराबादकडे आला. 8 इंची छायाचित्रण दुर्बिणीने 1914 पासून येथे काचा घेतल्या जाऊ लागल्या. रॉबर्ट पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांनी हे काम पुढे नेले. पुढे उत्तरेकडचा एक पट्टाही हैदराबादने पूर्ण केला. एकूण साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या नोंदी झाल्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती काच घेण्याची रीत. तेजस्वी आणि अंधूक तारे यांचा प्रश्न फलाट आणि शेत यांच्या प्रश्नासारखाच आहे. म्हणून या आंतरराष्ट्रीय योजनेत साधारणपणे एकाच काचेवर तीन वेळा प्रकाश घेण्याची पद्धत होती : 6 मिनिटे, 3 मिनिटे आणि 20 सेकंद. दर वेळी दुर्बीण किंचित सरकवली जाई, त्यामुळे प्रत्येक तेजस्वी ताऱ्याचे जवळजवळ तीन ठिपके उमटत. अंधूक तारा लांब प्रकाशकालात मिळे आणि तेजस्वी ताऱ्याचे नेमके स्थान 20 सेकंदांच्या लहान ठिपक्यावरून मोजता येई. आज ज्याला एचडीआर म्हणतात, म्हणजे विस्तृत उजेडाच्या पल्ल्याचे चित्रण, त्याचे मूळ तत्त्व हेच : एकच दृश्य, वेगवेगळे प्रकाशकाल.

मोजणाऱ्यांना आणखी एक गोष्ट पक्की ठाऊक होती. ताऱ्याचा ठिपका जेवढा मोठा, तेवढा तारा तेजस्वी. त्याचा अर्थ तारा जवळ आहे किंवा आकाराने मोठा आहे असा होत नाही. प्रकाशकाल वाढवला की त्याच ताऱ्याचा ठिपका फुगतो. ठिपक्याच्या व्यासावरून ते ताऱ्याची प्रत ठरवत, पण काचेचा प्रकाशकाल माहीत असेल तरच.

काचेकडून संवेदकाकडे

विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ याने अण्वस्त्र चाचण्यांच्या चित्रणासाठी कमी-जास्त संवेदनक्षमतेचे थर एकावर एक असलेली फिल्म बनवली. 1995 मध्ये एमआयटीतील मान आणि पिकार्ड यांनी, व 1997 मध्ये बर्कली येथील पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी, वेगवेगळ्या प्रकाशकालांची अंकीय चित्रे गणिताने एकत्र करण्याच्या पद्धती मांडल्या. चित्रफितीत मात्र दृश्य हलते. तीन चित्रे घेईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. म्हणून 2000 मध्ये श्री नायर आणि तोमू मित्सुनागा यांनी शेजारशेजारच्या चित्रबिंदूंना वेगवेगळा प्रकाश देण्याची कल्पना मांडली. या जातीचे संवेदक आज अनेक लहान कॅमेऱ्यांत आहेत.

या इतिहासात एक मराठी नावही आहे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी 2004 मध्ये एड्रियन इली आणि जिंग्यी यू यांच्यासह एक पद्धत प्रसिद्ध केली. स्थिर कॅमेऱ्याच्या रात्रीच्या चित्रात त्याच जागेचे दिवसाचे चित्र मिसळायचे, म्हणजे अंधारात हलणारी वस्तू कोठे आहे हे पाहणाऱ्याला कळते. 2006 मध्ये अमित अग्रवाल आणि जॅक टंबलिन यांच्यासह त्यांनी दाखवले की, प्रकाशकाल चालू असताना शटर ठरावीक नमुन्याने उघडझाप केले, तर हलत्या वस्तूचा फराटा नंतर गणिताने पुष्कळसा काढून टाकता येतो.

मग ड्रोनवर काय जुळवावे?

हैदराबादचा निरीक्षक दुर्बीण घड्याळी यंत्रणेने ताऱ्यामागे फिरवत असे. ड्रोनच्या कॅमेऱ्याची झुलती बैठक त्याचे डोलणे सावरते, पण पुढे जाणे सावरू शकत नाही. हिशेब करून पाहू. ड्रोन 50 मीटर उंचीवर आहे आणि नेहमीच्या रुंद भिंगाने खाली 75 मीटर रुंदी 3840 चित्रबिंदूंत घेतो आहे. म्हणजे एका बिंदूत सुमारे 2 सेंटिमीटर. वेग सेकंदाला 5 मीटर आणि प्रकाशकाल 1/50 सेकंद असेल, तर तेवढ्यात तो 10 सेंटिमीटर सरकतो. प्रत्येक दिवा पाच बिंदू लांबट होतो. वेग सेकंदाला 2 मीटर केला तर दोनच बिंदू. रात्रीची पहिली जुळणी म्हणून कॅमेऱ्यात नव्हे, उड्डाणात करावी.

दुसरी जुळणी विजेच्या वारंवारतेची. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ आहे, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. सेकंदाला 25 चौकटी आणि 1/50 सेकंदाचा प्रकाशकाल ठेवला, तर प्रत्येक चौकटीत बरोबर दोन ठोके येतात. 30 चौकटी आणि 1/60 सेकंद ठेवल्यास दिवे लुकलुकतात किंवा चित्रावर पट्टे सरकतात.

तिसरी आयएसओची. आयएसओ वाढवल्याने प्रकाशकण वाढत नाहीत, फक्त त्यांची नोंद वर्धित होते. एका बिंदूवर 10,000 प्रकाशकण पडले तर नैसर्गिक चढउतार 100, म्हणजे 1 टक्का. 100 पडले तर चढउतार 10, म्हणजे 10 टक्के. रात्रीच्या चित्रातील रवाळपणा मुख्यतः हाच. म्हणून आयएसओ शक्य तेवढा खाली, साधारण 100 ते 800 मध्ये ठेवावा आणि छिद्र पूर्ण उघडावे. एफ/2.8 ऐवजी एफ/1.7 चे भिंग असेल तर सुमारे पावणेतीन पट प्रकाश मिळतो.

प्रकाशमापन स्वयंचलित ठेवू नये. ते काळोखालाही राखाडी करू पाहते आणि दिवे जाळून टाकते. श्वेत समतोल आणि फोकसही हाताने स्थिर ठेवावेत, नाहीतर पिवळ्या सोडियम दिव्यांवरून पांढऱ्या एलईडीवर जाताना सबंध चित्राचा रंग बदलतो.

राहिला एचडीआर. या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक, लहान आणि लांब प्रकाशकाल एकत्र करून चित्र घेणे. यात चालत्या मोटारीच्या दिव्याला जोडछाया येऊ शकते; दृश्य स्थिर असेल तेव्हाच हे वापरावे. दुसरी, घेतलेला उजेडाचा पल्ला पडद्यापर्यंत पोचवणे. त्यासाठी बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी बनवलेली एचएलजी ही पद्धत 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात आली. दिवे हलते असतील तर एकाच प्रकाशकालात, 10 बिटांत आणि एचएलजी किंवा लॉग पद्धतीने चित्रण करणे अधिक प्रामाणिक ठरते.

उडवण्यापूर्वी ड्रोन नियम 2021 नुसार सरकारी नकाशावर आपली जागा हिरव्या, पिवळ्या की लाल विभागात येते ते पाहावे. नांदेडचा विमानतळ मुदखेडपासून दूर नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

ड्रोन नसला तरी चालेल. मोबाईल विटांच्या आधाराने स्थिर ठेवा. हाताने जुळणी करण्याची सोय वापरून, आयएसओ न बदलता, दूरच्या एका दिव्याची 1/100, 1/10 आणि 1 सेकंदाची चित्रे घ्या. पडद्यावर ठिपक्याचा व्यास मोजा आणि प्रकाशकालाशी त्याचा आलेख काढा. मग तोच प्रयोग व्याध ताऱ्यावर करा. दिवा आणि तारा दोघेही जागचे हललेले नसतात, तरी ठिपका फुगतो, हे विद्यार्थ्यांना स्वतः मोजून कळेल.

एवढे जमले की पुढची पायरी अशी : कोणी रात्रीचे चित्र दाखवून घबराट पसरवू लागला, तर विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. प्रकाशकाल किती होता? कॅमेरा स्थिर होता का? चित्र एका क्षणाचे आहे की अनेक चित्रांची बेरीज? निजामिया वेधशाळेच्या काचा 2000 साली पूर्ण झालेल्या टायको-2 या तारासूचीतही उपयोगी पडल्या, कारण त्या प्रकल्पात चित्र कधी आणि कसे घेतले याची नोंद चित्राइतकीच जपली गेली होती. अशा नोंदीशिवाय रात्रीचा पांढरा ठिपका साक्ष देऊ शकत नाही, मग कॅमेरा कितीही महागाचा असो.