सिंहाला खाणारा कोण? : शरभाची कुळकथा

आजरा आणि चंदगड तालुक्यांत रानहत्ती आता नवलाचा राहिलेला नाही. या शतकाच्या सुरुवातीला कर्नाटकच्या जंगलांतून हत्ती इकडच्या घाटात आले आणि ऊस, केळी, भाताच्या शिवारांत वावरू लागले. त्या भागातून गडहिंग्लजच्या बाजाराला येणाऱ्या शेतकऱ्याला हत्तीचं बळ पुस्तकातून शिकावं लागत नाही. एका रात्रीत आडवा झालेला ऊस त्याने पाहिलेला असतो. पूर्ण वाढलेला नर 4 ते 5 टनांचा असतो. त्याला अडवील असं दुसरं जनावर आपल्या रानात नाही.

दगडात मात्र आहे. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाज्यावर सिंहासारखं एक श्वापद कोरलेलं आहे. त्याने पंजांत हत्ती दाबून धरले आहेत, आणि शेपटीच्या वेढ्यातही एक हत्ती अडकवला आहे. शिवनेरीच्या दरवाज्यांवर त्याच जातकुळीचं जनावर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गडांच्या कमानींशेजारी ते पहारा देत उभं आहे. गडांवर हिंडणारी मंडळी त्याला शरभ म्हणतात. काही अभ्यासक व्याल म्हणतात, तर गावातला माणूस सरळ वाघ किंवा सिंह म्हणून मोकळा होतो.

हा प्राणी पृथ्वीवर कधीच नव्हता. तरी दरवाज्याखालून जाताना तो खोटा वाटत नाही. त्याचं कारण त्याच्या कुळात आहे. शरभ कुणाच्या लहरीतून उपजला नाही. जनावरं नीट पाहणाऱ्या माणसांनी तो रचला, आणि पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली, दुरुस्ती केली. चित्रपटांसाठी आणि संगणकीय खेळांसाठी जीवशास्त्राला पटतील असे प्राणी रचणारे आजचे कलाकार हेच काम करतात. आपल्याकडे ते फार पूर्वी सुरू झालं होतं, हे मला ठामपणे सांगायचं आहे.

शेळीचा रानटी भाऊबंद

शरभाचा जुना पत्ता वैदिक वाङ्मयात लागतो. ऐतरेय ब्राह्मणात यज्ञपशूंची एक कथा आहे. यज्ञाला योग्य असं सत्त्व माणसातून घोड्यात, घोड्यातून बैलात, बैलातून मेंढीत आणि मेंढीतून शेळीत जातं. ते ज्याच्यातून निघून गेलं, त्या प्रत्येकाचा एक रानटी जोडीदार होतो. बैलाचा गवा, मेंढीचा उंट, आणि शेळीचा शरभ. या यादीतला शरभ ना आठ पायांचा, ना पंखांचा. तो शेळीच्या नात्यातला, माणसाच्या ताब्याबाहेरचा रानपशू आहे.

हेच रूप पुढे बौद्ध कथांत दिसतं. शरभमृग जातकात एक राजा शरभाचा पाठलाग करता करता खोल खड्ड्यात पडतो. शिकार होणारा शरभच त्याला वाचवायला येतो. आर्यशूराच्या जातकमालेत तर तो आधी माणसाच्या वजनाचा दगड पाठीवर घेऊन सराव करतो, भार पेलतो की नाही याची खात्री करतो आणि मग राजाला वर काढतो. कल्पनेतल्या प्राण्याने स्वतःच्या पाठीचं बळ तपासून पाहावं, ही बारकाई मला फार मोलाची वाटते. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, 5व्या शतकातल्या वाकाटक काळात, ही कथा भिंतीवर रंगवली गेली. कालिदासाच्या मेघदूतातही शरभ आहेत. ते हिमालयात राहतात आणि ढगावर झेप घेऊ पाहतात. डोंगर, कडे आणि उंच उड्या ही या प्राण्याची पहिली ओळख होती.

रिकामी जागा

मग हा कड्यावरचा पशू सिंहाचा वैरी कसा झाला? उत्तर महाभारताच्या शांतिपर्वात मिळतं. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. बिबट्या त्याच्यावर चालून येतो, तेव्हा ऋषी त्याला बिबट्या करतो. वाघ येतो तेव्हा वाघ, माजलेला हत्ती येतो तेव्हा हत्ती, सिंह येतो तेव्हा सिंह. शेवटी सिंहालाही मारणारा आठ पायांचा शरभ येतो, आणि कुत्र्याचा शरभ होतो.

या कथेची रचना जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने बारकाईने वाचावी अशी आहे. कथाकाराने बळाची उतरंड मांडली आणि सिंहाशी येऊन थांबल्यावर विचारलं की याच्या वर कोण? त्या जागी बसेल असं जनावर रानात नव्हतं, म्हणून ते त्याने रचलं. स्कॉटलंडच्या डूगल डिक्सन यांनी 1981 मध्ये ‘आफ्टर मॅन’ या पुस्तकात याच वाटेने 5 कोटी वर्षांनंतरची प्राणिसृष्टी रंगवली. माणूस आणि आजचे मोठे प्राणी नाहीसे झाले तर हरणांची जागा कोण घेईल, लांडग्यांची जागा कोण घेईल, असं विचारत त्यांनी सशांचे आणि उंदरांचे वंशज त्या जागांवर बसवले. प्राणी रचताना शिंगं आणि शेपूट नंतर येतात. निसर्गातली त्याची जागा आधी ठरते.

शरभाची जागा निसर्गाने रिकामी का ठेवली, याचंही उत्तर आता आपल्याकडे आहे. अमेरिकेच्या रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये दाखवून दिलं की अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर बहुतेक ऊर्जा खर्ची पडते आणि वरच्या पायरीपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. वाघाच्या अभ्यासकांचा ठोकताळा असा आहे की एक वाघ वर्षाला सुमारे 50 मोठी जनावरं मारतो, आणि ती पुरवायला रानात 500 जनावरांचा कळप टिकून असावा लागतो. हाच हिशेब शरभाला लावू. वर्षाला 50 सिंह खाणाऱ्या एका शरभामागे 500 सिंह हवेत. गुजरातच्या 2025च्या गणनेत सिंह निघाले 891. सिंहांची वीण हरणांइतकी जोमदार नसते, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्त सिंह लागतील. देशातले सगळे सिंह मिळून एक शरभ जेमतेम पोसला जाईल, आणि एकट्या शरभाचा वंश चालत नाही.

शांतिपर्वाच्या कथेत पुढे हेच होतं. शरभाच्या धाकाने रानातली सगळी जनावरं दाही दिशांना पळून जातात. मग भुकेला शरभ ज्याने त्याला घडवलं त्या ऋषीकडेच वळतो, आणि ऋषी त्याचा पुन्हा कुत्रा करतो. वरच्या पायरीवरचं जनावर बेसुमार बळावलं तर रान ओस पडतं, ही जाण त्या कथाकाराला होती.

आठ पायांतले चार कुठे गेले

पुढे पुराणांनी शरभाला देवत्व दिलं. हिरण्यकशिपूला मारल्यावर नरसिंहाचा क्रोध शमेना, तेव्हा शिवाच्या आज्ञेवरून वीरभद्राने शरभाचं रूप घेतलं, अशी कथा लिंगपुराणात आहे. तमिळनाडूत दारासुरमच्या 12व्या शतकातल्या चोळ मंदिरात शरभरूपातला शिव पाहायला मिळतो. गडहिंग्लज भागाला वीरभद्र परका नाही. कृष्णाकाठच्या येडूरच्या वीरभद्राला सीमेच्या दोन्ही बाजूंचे भाविक जातात. कर्नाटकच्या राज्यचिन्हात दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सोंड असलेले सिंह उभे आहेत. त्यांनाही कोणी शरभ म्हणतात, कोणी गजकेसरी.

देवळातल्या शरभाला पंख, जादा पाय, माणसाचे हात असं काहीही चालतं, कारण तो देव आहे. गडाच्या दरवाज्यावरच्या शरभाचं काम वेगळं. येणाऱ्याला त्याची जरब वाटली पाहिजे, आणि त्यासाठी तो जिवंत जनावर वाटला पाहिजे. म्हणून मराठी मुलखातल्या गडांवर तो बहुधा चार पायांवर उभा दिसतो. पंख असले तर लहान, नाहीतर नाहीतच. पाथरवटाने ग्रंथातला आठ पायांचा शरभ घेतला आणि त्याचे चार पाय काढून टाकले, असं माझं मत आहे.

शरीरशास्त्र या पाथरवटाच्या बाजूने उभं राहतं. पाठीचा कणा असलेली सगळी भूचर जनावरं चार अवयवांच्या माशांसारख्या पूर्वजांपासून आली. सुमारे 37.5 कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिकच्या जीवाश्मात त्या संक्रमणाची खूण आहे. तेव्हापासून हिशेब चारांचाच. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा हात, वटवाघळाचा पंखही हातच. चार पाय ठेवून वर पंख हवे असतील तर अवयव सहा होतात, आणि ते कुठल्याही कणाधारी कुळात नाहीत.

तरीही निसर्गाने एक वाट काढली आहे. गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीत उडता सरडा आहे. त्याचे चारही पाय जागच्या जागी असतात. लांबलेल्या बरगड्यांवर ताणलेल्या कातडीचे पंख पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. आंबोलीच्या रानात बोटांमधले पडदे पसरून तरंगणारा बेडूक आहे. सपक्ष शरभ काढणाऱ्याने या दोघांचा अभ्यास करावा. मात्र दोघेही हलके आहेत. मोठा सिंह 180 किलोच्या आसपास भरतो. उडणाऱ्या प्राण्यांत सगळ्यांत अवजड मानला जाणारा केट्झालकोॲटलस हा प्राचीन सरपटणारा जीव साधारण 200 ते 250 किलोंचा होता, आणि त्याला 10 मीटरचे पंख लागत. खांद्यावरच्या वीतभर पंखांनी सिंह उडत नाही.

आता हत्ती पेलण्याचा प्रश्न. गॅलिलिओने 1638 मध्ये सांगितलेला नियम असा: प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होतं, पण हाडाचा छेद चौपटच वाढतो. सिंहाचा पंजा 15 सेंटिमीटरचा धरू. पंजात 3 मीटर उंचीचा हत्ती मावायचा तर सिंह 20 पट मोठा हवा. त्याचं वजन 8000 पट, म्हणजे 1440 टन होईल. हाडांचं बळ वाढेल फक्त 400 पट. पहिल्या पावलालाच पाय मोडतील. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला ज्याची हाडं सापडली तो आयसीसॉरस डायनोसॉर सुमारे 18 मीटर लांब होता, पण असल्या देहाला खांबासारखे सरळ पाय लागतात. मांजरकुळातले वाकलेले, दबा धरणारे पाय त्याला चालत नाहीत.

दगडातला हत्ती लहान आहे, कारण तो शत्रूच्या बळाची खूण आहे, हे पाथरवटाला ठाऊक होतं. मापात त्याने मोकळीक घेतली, पण शरीराच्या मेळात घेतली नाही. 19व्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या क्युव्हिए यांनी मांडलं की दात, पंजे, जबडा, पाय सगळे एकाच उपजीविकेला जुळलेले असतात. गडावरचा शरभ पाहा: सुळे, नख्या, रुंद छाती, ताणलेली पाठ, सगळं शिकाऱ्याचं. 15व्या शतकात सारळा दासांच्या ओडिया महाभारतात आलेला नवगुंजर याच्या अगदी उलट आहे. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर आणि चार अवयव चार वेगळ्या जीवांचे. तो विश्वरूपाचं प्रतीक म्हणून थोर आहे, पण तो चालेल कसा आणि खाईल काय, हे सांगता येत नाही. शरभाबद्दल सांगता येतं.

सह्याद्रीला शोभेल असा शरभ

एवढं कुळ पाहिल्यावर माझा निवाडा असा आहे की शरभाचं सगळ्यांत पटण्याजोगं रूप त्याचं पहिलं रूप आहे. सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला, केरळ आणि तमिळनाडूत, निलगिरी ताहर हा शेळ्यामेंढ्यांच्या कुळातला कडेकपाऱ्यांचा रहिवासी आहे. महाराष्ट्राच्या बेसाल्टच्या कड्यांवर तसा एकही रानटी प्राणी नाही. जागा खरोखर रिकामी आहे. तिथे शरभ उभा करा. चार पाय, निसरड्या कातळाला धरणारे मऊ तळव्याचे खूर, पावसाळी धुक्यात भिजून जड न होणारी राठ केसांची आयाळ, बिबट्याला कड्यावरून ढकलून देणारी जाड शिंगं, आणि गवत पचवणारं पोट. त्याला सिंह खावा लागत नाही, म्हणून त्याचा वंश टिकेल. ऐतरेय ब्राह्मणातला शेळीचा भाऊबंद तो हाच.

चित्रकलेच्या शिक्षकांना आणि प्राणी रचू पाहणाऱ्या मुलांना माझी एक विनंती आहे. परदेशी चित्रपटातले ड्रॅगन गिरवण्याआधी आपल्या गडांच्या दरवाज्यांवर जा, शरभाचं चित्र काढा आणि त्याला चार प्रश्न विचारा: हा कुणाच्या वंशातला, राहतो कुठे, खातो काय, आणि स्वतःचं वजन पेलतो कसा? मग शेजारच्या शिवारातली शेळी, आंबोलीचा बेडूक, वाटेवरचा सरडा बघून उत्तरं काढा. गडहिंग्लजवरून वाहणारी हिरण्यकेशी जिथे उगम पावते, तिथल्या देवळाच्या कुंडातून 2020 साली माशाची एक नवी जात जगापुढे आली आणि तिला नदीचंच नाव मिळालं. खऱ्या जीवांची ही नोंदवही अजून पुरी झालेली नाही. ती जो मन लावून वाचील, त्याने रचलेल्या प्राण्यावर लोक विश्वास ठेवतील.