बॅकअप बॉक्स भंगारात देण्याआधी डिस्क पुसा

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा. तालुका कोणताही असो, संघटनेच्या कामात जात प्रमाणपत्रे, आधारच्या प्रती, शिष्यवृत्तीचे अर्ज, अत्याचार प्रकरणांची कागदपत्रे जमतात आणि बॅकअप बॉक्समध्ये साठतात. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ साक्षीदाराचे नाव-पत्ता गोपनीय ठेवण्याची सोय करते. तेच नाव आपल्या जुन्या डिस्कवरून फुटले, तर दोष आपलाच.

डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केल्याने फक्त फाइलींची यादी पुसली जाते. मजकूर डिस्कवरच राहतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकतो.

आम्ही सुचवतो तो क्रम:

१. हवा असलेला डेटा दुसरीकडे घ्या आणि त्यातील फाइली उघडून तपासा.

२. बॉक्समधील प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे पुसा. मिररिंग असेल, तर एकाच डिस्कवरही सगळी माहिती सापडते.

३. फिरत्या हार्ड डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा शून्ये लिहिणे सहसा पुरते. मोठ्या डिस्कला काही तास लागतात. मध्येच वीज जाऊ नये म्हणून यूपीएस जोडा.

४. एसएसडीवर वरून लिहिणे भरवशाचे नाही, राखीव भागात जुना मजकूर उरू शकतो. तिथे सिक्युअर इरेज हा पर्याय वापरा.

५. बिघडलेली डिस्क पुसता येत नाही. ती फोडा आणि नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

६. डिस्कचा सिरीयल नंबर, तारीख आणि पुसणाऱ्याची सही नोंदवहीत ठेवा.

नवीन बॉक्स घेताना पहिल्याच दिवशी एन्क्रिप्शन सुरू करा. लोकांनी कागद आपल्या विश्वासावर दिलेले असतात.