मुद्दल किती उरलं?

बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हा फर्निचर उल्हासनगरहून आणलं. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांचं हे ठरलेलंच असतं. पलंग, सोफा, कपाट आणि जोडीला फ्रिज मिळून बरोबर लाखभर रुपये झाले. डाउन पेमेंटमध्ये खातं रिकामं झालं होतं, म्हणून क्रेडिट कार्ड वापरलं. बिल आलं त्यात दोन आकडे होते: एकूण देय आणि किमान देय. मी किमान भरलं. पुढचे सात महिनेही तेच केलं. दर वेळी ॲपवर हिरवी टिक यायची आणि आपलं सगळं सुरळीत चाललंय असं वाटायचं.

एका रविवारी बाबांनी विचारलं, "मुद्दल किती उरलं?"

बाबांनी अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली. तिथल्या पतपेढीतून त्यांनी तीनदा कर्ज घेतलं आणि फेडलं. त्यांच्या डोक्यात कर्जाचे दोन भाग असतात, मुद्दल आणि व्याज. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाबेसमधले आकडे जुळवतो. पण मला उत्तर देता आलं नाही. स्टेटमेंटमध्ये मागची बाकी, फायनान्स चार्ज, जीएसटी आणि भरणा हे सगळं एका बेरजेत होतं. मुद्दल असा रकानाच नव्हता.

मग एक्सेल उघडलं. बाकी 1 लाख, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 3,500 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 630 रुपये. किमान देय 5 टक्के धरलं तर साधारण 5,206 रुपये. म्हणजे भरलेल्या पैशांपैकी जेमतेम 1,076 रुपये कर्जातून कमी होतात. आठ महिन्यांत मी सुमारे 40 हजार भरले होते आणि बाकी कमी झाली होती 8,300 रुपयांनी. असंच चालू ठेवलं असतं तर कर्ज निम्म्यावर यायला 5 वर्षं 4 महिने लागले असते, आणि तोवर 2 लाख 42 हजार भरून झाले असते. शिवाय बाकी ठेवली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून. नशिबाने मी कार्ड कपाटात ठेवलं होतं.

बाबांचा प्रश्न त्यांच्यापेक्षा बराच जुना आहे, हे मला नंतर कळलं. ज्या रेल्वेमार्गावर बदलापूर आहे, तो 1863 मध्ये भोर घाट चढून पुण्याला जोडला गेला. घाटावर तेव्हा कापसाची चलती होती. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस हवा झाला. सावकार मागेल तेवढं कर्ज देऊ लागले. आज ॲप लिमिट वाढवायची ऑफर देऊन "अभिनंदन" म्हणतं, त्यातलाच प्रकार. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडला. त्यात सरकारने शेतसारा वाढवला.

पण मला खरं अडकवलं ते 1859 च्या मुदतीच्या कायद्याने. कर्जरोखा तीनच वर्षं चालेल, असं त्यात होतं. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचू नये. सावकारांनी त्यातून वाट काढली. तीन वर्षं भरत आली की कुळाकडून नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि त्यात जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून एकच नवं मुद्दल. असे दोन-तीन रोखे झाले की मूळ कर्ज किती होतं हे सांगायला कागदच उरत नसे. निरक्षर माणूस अंगठा उठवी, आणि कोर्टात तो अंगठा म्हणजे संमती.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. 12 मे 1875 ला सुप्यात, आजच्या बारामती तालुक्यात, बाजाराच्या गावी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटलं गेलं, काही घरं पेटली, पण लोकांना मुख्यतः हवे होते रोखे आणि वह्या. ते हातात आले की जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं आणि 951 जणांना अटक झाली. शाळेत हे "दख्खनचे दंगे" म्हणून दोन मार्कांना होतं. तेव्हा मला ही निव्वळ जाळपोळ वाटली होती. आता वाटतं, लोकांनी नेमकी चुकीची नोंद शोधून नष्ट केली.

सरकारने आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला, सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी. त्याचं मर्म बाबांच्या प्रश्नात आहे. कोर्टाने केवळ सहीचा रोखा पाहून निकाल देऊ नये, व्यवहार पहिल्या दिवसापासून उघडावा, मुद्दल आणि व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा. सावकाराने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब लिहून द्यावा. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद नाही. कायदा काही आदर्श नव्हता. सावकारांनी गहाणखताला खरेदीखताचं रूप देऊन पळवाटा काढल्याच. तरी "सही केलीस ना, मग भर" एवढ्यावर विषय संपेना.

आपल्याकडे त्याआधीपासून दामदुपटीचा नियमही होता: एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको. माझ्यासारख्याला मात्र त्याचा उपयोग नाही. मी व्याज थकवतच नव्हतो, दर महिन्याला इमानेइतबारे भरत होतो.

सावकारांसाठी पुढेही कायदे आले, महाराष्ट्रात अगदी 2014 पर्यंत. बँका त्यांच्या बाहेर राहिल्या. 1980 मध्ये सेंट्रल बँकेने देशातलं पहिलं बँक क्रेडिट कार्ड काढलं. 1984 मध्ये बँकिंग कायद्यात कलम 21अ आलं: बँकेचा व्याजदर जास्त आहे, एवढ्या कारणावरून कोर्टाने व्यवहार पुन्हा उघडू नये. 1879 ने कोर्टाला जे करायला लावलं, तेच बँकांपुरतं इथे थांबवलं. बँकांवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते, सावकारावर नसे, हा युक्तिवाद मला समजतो. पण देखरेख करणारा दराला कमाल मर्यादाच घालत नसेल तर?

1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला तेव्हा दुसरा रस्ता दिसला. 7 जुलै 2008 ला राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या, स्थगिती आली, आणि 20 डिसेंबर 2024 ला निकाल रद्द झाला. व्याजदर ठरवणं आयोगाचं काम नाही, आणि ग्राहकाला अटींची कल्पना दिलेली असते, असं न्यायालयाने म्हटलं.

ते खरंही आहे. फक्त किमान रक्कम भरली तर फेड वर्षानुवर्षं लांबते, अशी सूचना माझ्या स्टेटमेंटवर छापलेली होती. मी वाचली नव्हती. इंजिनिअरिंगची पदवी आणि सुप्याचा अंगठा यांत त्या बाबतीत फार फरक पडला नाही.

जे संरक्षण उरलंय ते रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत आहे. न मागता कार्ड द्यायचं नाही. किमान देय इतकं हवं की बाकी उलट वाढत जाणार नाही. न भरलेली शुल्कं आणि कर मूळ रकमेत मिसळून त्यांवर व्याज नाही. बाकी फेडल्यावर कार्ड बंद करायला सांगितलं की सात कामकाजी दिवसांत बंद, नाहीतर दिवसाला 500 रुपये ग्राहकाला. शेवटचा नियम मी वापरून पाहिला. बँकेने चार दिवस उशीर केला. मी नियम लिहून ईमेल केला आणि 2,000 रुपये आले.

बाकी मी दुसरीकडून स्वस्त व्याजाचं कर्ज काढून फेडली होती. त्या कर्जाचा हप्त्यांचा तक्ता मिळाला, त्यात मुद्दल आणि व्याज वेगवेगळ्या रकान्यांत होतं. बाबांनी त्याची प्रिंट काढायला लावली आणि फ्रिजवर चिकटवली. दर महिन्याच्या पाच तारखेला ते पेनने एक ओळ खोडतात आणि मुद्दलाचा आकडा मला वाचून दाखवतात.